अंगठा आमचा, मनगट दुसऱ्याच्या हातात
(जिल्हा मेळाव्यात एका अंध शेतकरी जोडप्याने केलेले भाषण)



माईकसमोर एक जण उभा असला तरी बोलणे आम्हा दोघांचे, नवराबायकोचे आहे. आमच्यातल्या एकाचे डोळे चौथ्या वर्षी गोवरात गेले, दुसरीचे पस्तिशीत काचबिंदूने. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही, हे कळेपर्यंत उशीर झाला होता. घरात कोणाला काचबिंदू असेल तर बाकीच्यांनीही डोळे तपासून घ्यावेत, एवढे जाता जाता सांगतो.

मघाशी व्यासपीठावर चढताना चार जणांनी आम्हाला चार बाजूंनी धरले. प्रेमाने धरले. पण पायरी कोठे आहे, ते एकानेही सांगितले नाही. आम्हाला जे बोलायचे आहे ते सगळे त्या पायरीत आले.

मताचेच घ्या. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे आंधळ्या मतदाराला सज्ञान सोबती आत नेता येतो. त्या सोबत्याला त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती होता येत नाही आणि मत गुप्त ठेवीन असे लिहून द्यावे लागते. नियम चांगला आहे. २००९ पासून मतदान यंत्रावर ब्रेलमधले आकडेही आहेत. आमच्यातल्या एकाला शाळेमुळे ब्रेल येते, पस्तिशीनंतर आंधळी झालेल्या बाईला ते कोण शिकवणार? एका निवडणुकीत तिने पुतण्याला सोबत नेले. केंद्रावरच्या साहेबांनी पुतण्यालाच विचारले, "यांचे मत कोणाला?" ती म्हणाली, "साहेब, मत गुप्त असते." रांगेत हशा पिकला. पुतण्याने बटण दाबले, यंत्र वाजले. कोणते बटण, ते त्यालाच ठाऊक. आता काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते म्हणतात. डोळसांना यंत्राचा संशय असतो, आम्हाला यंत्राच्या आधी पुतण्याचा.

नोटांचेही तसेच. २०१६ च्या नोटाबंदीपूर्वी शंभर, पाचशे आणि हजाराच्या नोटांत लांबीला दहा-दहा मिलिमीटरचा फरक होता. बोटांना तो कळायचा. आता दोनशेची नोट १४६ मिलिमीटर आणि पाचशेची १५०, रुंदी सारखीच. फरक ज्वारीच्या एका दाण्याएवढा. बाजाराच्या गर्दीत शेळीचे पैसे असे मोजायचे! उठावाच्या खुणा असतात, पण नोट फिरली की त्या झिजतात. नोट ओळखणारे अॅप रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये काढले, ते चालतेही. पण व्यापाऱ्यासमोर एकेक नोट फोनपुढे धरायची म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखे होते.

मत पाच वर्षांनी, बाजार आठवड्याने. जमीन मात्र रोजची.

वडील गेले. तेरावे झाल्यावर थोरला भाऊ म्हणाला, वारसनोंदीसाठी तालुक्याला जायचे आहे. गेलो. आम्हाला सही येते, पण "आंधळ्याचा अंगठाच बरा" असे तेथे कोणीतरी म्हणाले. अंगठ्याला शाई लागली, भावाने मनगट धरले, तीन-चार ठिकाणी टेकवले. कागद कोणी वाचून दाखवला नाही. आम्हीही वाचा म्हणालो नाही. सख्ख्या भावाला कसे म्हणायचे? दोन वर्षांनी पीककर्जासाठी सातबारा काढला, तेव्हा बँकेतल्या माणसाने सांगितले की यात तुमचे नावच नाही. तो कागद हक्कसोडाचा होता.

भाऊ वाईट नाही. "तुला रान काय करायचे, मी आहे ना?" असे तो आजही मनापासून म्हणतो. आम्ही रानात काय करतो? दोन म्हशींचे दूध काढतो, भुईमुगाच्या शेंगा तोडतो. रात्रीची वीज आली की मोटार चालू करायला आम्हीच जातो, अंधाराची भीती आम्हाला कशाला? ओल कोठवर पोचली ते अनवाणी पायाला कळते. पण सातबारावर नाव नाही, म्हणून सरकारदरबारी आम्ही शेतकरी नाही. पीककर्ज नाही, २०१९ पासून केंद्र सरकार देते ते वर्षाचे सहा हजारही नाहीत.

मायबहिणींनो, हा हक्कसोडाचा कागद तुमच्या चांगला ओळखीचा आहे. आमच्यातल्या एकीने तो माहेरी, डोळे शाबूत असताना, वाचून सही केला. तिला दिसत होते, नाही म्हणता येत नव्हते.

जुन्या शास्त्राने जन्मांधाला वाटाच नाकारला होता. धृतराष्ट्राला डावलून राज्य पांडूला दिले, ते याच न्यायाने. ती आडकाठी १९२८ च्या कायद्याने काढली. रोग किंवा व्यंग असले म्हणून वारसा जात नाही, असे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे २८ वे कलम सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १३ वे कलम त्याहून पुढे जाते. मदत करणाऱ्याचे आणि दिव्यांगाचे हित जेथे एकमेकांच्या आड येते, त्या व्यवहारात त्याने मदत करू नये, असे ते म्हणते. म्हणजे वाटणीच्या कागदावर वाटेकऱ्याने आंधळ्याचे मनगट धरायचे नाही. हे कलम एका कार्यकर्त्याने वाचून दाखवले, तेव्हा आम्ही दोघे बराच वेळ गप्प होतो.

कोर्टात जायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. भावाशी बोलणे तुटावे असे आम्हाला वाटत नाही. त्या कागदाची नक्कल मात्र आम्ही काढून आणली आहे. फोन छापील मजकूर वाचतो, पण या पुसट नकलेवर अडखळतो. गावात ज्याला वाचायला सांगावे तो एकतर भावाचा, नाहीतर आमचा. सभा संपल्यावर आम्ही मंडपाच्या दाराशी बसणार आहोत. आमच्या भावकीशी ज्याचे नाते नाही, अशा कोणीतरी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचून दाखवावा. विहिरीतला आमचा हिस्साही त्यात लिहून दिला आहे की काय, ते आम्हाला अजून माहीत नाही.