कसा आहे सिनेमा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिनेमा बघून आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला असतो. ‘कसा आहे?’ आणि त्याची उत्तरंही साधारण ठरलेलीच असतात. ‘बरा आहे’, ‘टाइमपास आहे’, ‘पैसा वसूल’, ‘संथ आहे’, ‘जरा वेगळा आहे’, आणि अगदीच वैताग आला असेल तर ‘जाऊ नका!’ दोन-अडीच तासांचा सिनेमा, त्यामागे कितीतरी माणसांचे कष्ट, आणि त्याचा निकाल दोन शब्दांत. तोही दारात चपला काढता काढता. एवढ्या झटपट निकाल तर कोर्टातसुद्धा लागत नाही. कोर्टाचा विषय पुढे येणारच आहे.

मी समीक्षक नाही. तिकीट काढून किंवा घरी टीव्हीसमोर बसून सिनेमे बघणारी, आणि बघून झाल्यावर त्यावर बोलणारी एक साधी प्रेक्षक आहे. त्यामुळे आज बोलायचं आहे ते सिनेमांबद्दल आणि त्याहून जास्त आपण सिनेमांबद्दल जे बोलतो त्याबद्दल.

आपल्याकडे ही बोलण्याची परंपरा जुनी आहे. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि ते भारावून गेले. पण एकटे भारावून थांबले नाहीत. पुन्हा सरस्वतीबाईंना घेऊन तो सिनेमा बघायला गेले. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच्या आधीची पायरी अशी होती, की एका प्रेक्षकाला सिनेमा आवडला आणि तो त्यानं आपल्या माणसाला दाखवला. सरस्वतीबाई नुसत्या बघून आल्या नाहीत. फिल्मला भोकं पाडण्यापासून कंपनीतल्या माणसांच्या स्वयंपाकापर्यंत सगळं त्यांनी केलं.

‘पैसा वसूल’सुद्धा तेव्हापासूनचंच. ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला लागला तेव्हाचा एक किस्सा सांगतात. तिथल्या थिएटरवाल्याचं म्हणणं पडलं, इथले लोक दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघतात, तुम्ही तीन आणे घेऊन दीड तासात उठवणार, कोण येईल? फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे! म्हणे गर्दी झाली. मैलाच्या हिशेबानं सिनेमा विकावा लागला, पण लोक आले. तेव्हा ‘पैसा वसूल’ या शब्दाला नाकं मुरडायचं काही कारण नाही. घामाचे पैसे देऊन माणूस आत बसतो, त्याला हिशेब मांडायचा हक्क आहेच.

माझं थोडं भांडण आहे ते ‘संथ’ या शब्दाशी. कारण तो शब्द वापरला की पुढचं बोलणं बंद होतं.

गेल्या काही दिवसांत मी तीन सिनेमे पाहिले आणि तिन्हींबद्दल आजूबाजूला हाच शब्द ऐकला. पहिला पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. २०२४ साली कानच्या महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं. तीस वर्षांनंतर तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा गेला होता. मुंबईच्या एका हॉस्पिटलातल्या तीन बायकांची ही गोष्ट. प्रभा आणि अनू या मल्याळी नर्सेस, आणि पार्वती ही तिथल्या स्वयंपाकघरात काम करणारी रत्नागिरीकडची बाई. पार्वतीचं काम आपल्या छाया कदमनं केलंय. सिनेमा मल्याळम, हिंदी आणि मराठीत बोलतो. म्हणजे मुंबई जशी बोलते तसाच.

तो आमच्या वहिनींनी माझ्या आधी पाहिला होता. मी विचारलं, ‘काय हो वहिनी, कसा आहे?’

‘संथ आहे हो ताई. एक बाई कुकरकडे बघते, बघतच बसते.’

‘मग?’

‘मग काय, मिठी मारते त्याला.’

‘कुकरला? का?’

झालं. पुढची पंधरा मिनिटं वहिनी बोलत होत्या. प्रभाचा नवरा जर्मनीत आहे, लग्न करून गेला तो गेलाच, फोनसुद्धा येत नाही. आणि एक दिवस तिकडून भात शिजवायचा कुकर येतो. चिठ्ठी नाही, काही नाही. ती रात्री एकटी असताना त्या कुकरला कवटाळते. सांगता सांगता वहिनींचा आवाज बदलला. त्यांच्या माहेरी शेजारी एक बाई होत्या, त्यांचे यजमान आखातात होते, दर वर्षी काहीतरी वस्तू यायची आणि त्या ती सगळ्यांना दाखवत फिरायच्या, हेही त्यांना आठवलं. मी म्हटलं, ‘वहिनी, तुम्ही तर म्हणालात संथ आहे.’ त्या म्हणाल्या, ‘संथ आहेच. पण डोक्यातून जात नाही.’

आता यातलं त्यांचं खरं मत कोणतं? माझ्या मते दुसरं. ‘संथ आहे’ हा नुसता दारातला निरोप झाला. मत त्याच्या मागे, आतल्या खोलीत बसलेलं होतं. मी ‘का?’ विचारलं नसतं तर ते बाहेर आलंच नसतं, आणि एका सिनेमाचं प्रकरण तिथेच मिटलं असतं.

मला स्वतःला त्यातली पार्वती जास्त लक्षात राहिली. गिरणी कामगाराची विधवा. वर्षानुवर्षं राहत असलेली खोली बिल्डर पाडणार, आणि ती तिथे राहते हे दाखवायला तिच्याजवळ एक कागद नाही. लालबाग-परळच्या किती घरांत ही गोष्ट घडून गेलीय! ती आणि प्रभा रात्री जाऊन बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात, तेव्हा मला फार बरं वाटलं. शेवटच्या भागात हे सगळं कोकणात समुद्राकाठी जातं. तिथे प्रभा वाहून आलेल्या एका माणसाला वाचवते आणि मग त्याच्याशी आपला नवरा असल्यासारखं बोलते. तो भाग मला तितकासा पटला नाही. मुंबईतला सिनेमा मला अधिक खरा वाटला. पण हे झालं माझं मत. तुमचं वेगळं असेल, असावंच.

दुसरा सिनेमा ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांचा. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पोचलेला हा पहिला मराठी सिनेमा, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथे जागतिक कथापट विभागाचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो आपल्याकडे लागला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी जातो. सुतकाचे नियम, अनवाणी फिरणं, नातेवाइकांचा एकच धोशा, ‘लग्न कधी करतोस?’ तिथे त्याला बाळ्या भेटतो, लहानपणचा सोबती, तोही बिनलग्नाचा. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे.

या सिनेमाबद्दल मी ‘संथ’ ऐकलं, पण त्याहून जास्त ऐकलं ते ‘विषय जरा वेगळा आहे’. हे सांगताना माणसं आवाज थोडा खाली आणतात. ‘वेगळा’ हा आपला सभ्य शब्द आहे. त्यात बरं-वाईट काहीच सांगावं लागत नाही. पण मी दोघा-तिघांना विचारलं, ‘ते असू दे, लक्षात काय राहिलं?’ तर प्रत्येकानं आनंदच्या आईचं नाव काढलं. तिला आपल्या मुलाचं सगळं ठाऊक आहे. त्यावर ती भाषण देत नाही की रडत नाही. चारचौघांत आपल्या मुलाच्या बाजूनं उभी राहते, इतकंच. वयानं मोठे असलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘असं आपल्या घरात असतं तर आपल्याला जमलं असतं का, हे मी घरी जाईपर्यंत विचार करत होतो.’ बघा, ‘विषय वेगळा आहे’ म्हणणाऱ्या माणसाचं हे खरं मत! घरातल्या दुसऱ्या कुणी ते ऐकलं असेल तर त्याला किती धीर आला असेल, याचा विचार करा.

राहता राहिला संथपणा. घरात माणूस गेल्यावरचे दहा दिवस ज्यांनी काढलेत त्यांना ठाऊक आहे, की ते दिवस असेच सरतात. दुपार संपता संपत नाही. एखाददुसरं दृश्य जरा आधी संपलं असतं तर मला चाललं असतं, हेही सांगते. पण तो सिनेमा पळाला असता तर खोटा झाला असता.

आणि आता कोर्ट. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ साली लागला होता. त्या वर्षी भारतातर्फे तोच ऑस्करला गेला. मी तो नुकताच पुन्हा पाहिला. नारायण कांबळे नावाच्या शाहिरावर खटला भरलाय. त्याचं गाणं ऐकून म्हणे एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला. ही भूमिका करणारे वीरा साथीदार २०२१ मध्ये कोरोनानं गेले. सिनेमाभर तारखा पडत राहतात. साक्षीदार येत नाही, कागद मिळत नाही, पुढची तारीख. सरकारी वकील बाई, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, घरी जाऊन चारचौघींसारख्या स्वयंपाकाला लागतात. शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक करत दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. आपल्याला वाटतं, संपला. पण संपत नाही. पुढे न्यायाधीश महाराज सहलीला गेलेले दिसतात, आणि शाहीर तिकडे आतच.

आता हा सिनेमा जलद कसा असेल? ज्यांनी कुठल्याही कारणानं कोर्टाची पायरी चढलीय, त्यांना विचारा.

त्या सिनेमातली एक साक्ष माझ्या मनातून जात नाही. त्या मेलेल्या कामगाराची बायको सांगते, की तो गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर समजायचं आत हवा आहे, मग उतरायचं. ती हे अगदी सपाट आवाजात सांगते, जणू पाणी भरायची वेळ सांगतेय. मॅनहोलचं झाकण उघडं दिसलं की मला ती झुरळं आठवतात. ‘संथ आहे’ एवढंच सांगून मी गप्प बसले असते, तर हे मी कुणालाच सांगितलं नसतं.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं मनाला लावून घ्यायला काय झालं? गप्पाच आहेत. मान्य. पण या गप्पांवर काहीजणांचं पोट अवलंबून असतं. सिनेमा शुक्रवारी लागतो. ज्याच्याकडे मोठा नट नाही, गावभर फलक लावायला पैसे नाहीत, त्याच्याकडे जाहिरात म्हणून तुम्ही-आम्हीच असतो. शनिवार-रविवारी आपण शेजारी, ऑफिसात, फोनवर जे काही बोलतो त्याच्या जोरावर सोमवारचा खेळ भरतो किंवा रिकामा जातो. रिकामा गेला की खेळ कमी होतात, भलत्याच वेळेला ढकलले जातात, आणि पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरतो. मग महिन्याभरानं आपण म्हणतो, ‘अरे, बघायचा राहिलाच.’

याची उलटी बाजूही आपण पाहिलीय. जून २०२३ च्या अखेरीला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं भिशीत सांगितलं, आणि बायका घोळक्यानं, नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरात गेल्या. त्यातल्या कुणी एकमेकींना ‘पटकथा बांधीव आहे’ असं सांगितलं नसणार. सांगितलं असेल ते इतकंच, की ‘अगं, त्यातली एक अगदी तुझ्यासारखी आहे, चल.’ समीक्षकांना जे जमत नाही ते या एका वाक्यानं केलं.

त्याआधी २००४ साली ‘श्वास’चंही असंच झालं होतं. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, म्हणून शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला हॉस्पिटलातून बाहेर नेतात आणि जग दाखवतात. ‘आजोबा नातवाला काय काय दाखवतात ते बघा,’ एवढं सांगितलं की माणूस तिकीट काढायचा.

याचा अर्थ, बक्षीस मिळालंय म्हणून प्रत्येक सिनेमाला चांगलं म्हणा असा नाही. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणावं. परदेशात टाळ्या मिळाल्या म्हणून आपण इथे खोट्या टाळ्या वाजवायचं कारण नाही. फक्त ‘मला आवडला नाही’ आणि ‘सिनेमा वाईट आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढं ध्यानात ठेवावं. आणि नाही आवडला तर कुठे आणि का, ते सांगावं. तुम्हाला जिथे कंटाळा आला, तिथेच दुसऱ्याला गोडी वाटू शकते.

म्हणून एक छोटीशी विनंती. यापुढे कुणी सिनेमा बघून आलं, तर ‘कसा आहे?’ जरूर विचारा. ती आपली रीत आहे. पण उत्तर ऐकून टीव्हीकडे वळू नका. लगेच दुसरा प्रश्न विचारा, ‘त्यातलं लक्षात काय राहिलं?’ समोरचा माणूस क्षणभर गप्प होईल, वर बघेल आणि मग बोलायला लागेल. कदाचित सिनेमाबद्दल बोलेल, कदाचित माहेरच्या शेजारणीबद्दल. चहा टाकायला हरकत नाही, कारण हे उत्तर दोन शब्दांत संपत नाही. फक्त शेवट सांगू लागला तर त्याला तिथेच थांबवा. तो आपला आपण बघायचा.