परदेशातील संसार आणि कामाचा परवाना
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक. परदेशगमन आम्हांस घडलेले नाही. अशा माणसाने परदेशच्या कायद्यांविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु आपल्या वधूवर सूचक मंडळाची नोंदवही गेली बारा वर्षे आमच्या हाती आहे, आणि तीतील एका नोंदीचे ओझे आमच्या मनावर आहे. ते आपणांसमोर उतरवावे, एवढ्यासाठीच आम्ही उभे राहिलो आहोत.

२०१६ साली एका स्नेह्यांच्या कन्येचा विवाह आम्ही जुळविला. मुलगी आमचीच विद्यार्थिनी. संगणकाचे उच्च शिक्षण घेऊन ती तंत्रनिकेतनात अधिव्याख्याती झाली होती. मुलगा अमेरिकेत अभियंता, निर्व्यसनी, घराणे परिचयाचे. मुलीच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, पोरीची नोकरी सुटणार. तिकडे तिला काम मिळेल ना?" आम्ही तत्काळ उत्तरलो, "अहो, शिकलेल्या मुलीला अमेरिकेत कामाची काय वाण?" हे उत्तर आम्ही कशाच्या आधारे दिले? कशाच्याही नाही. वर्गात एखाद्या मुलाने असे उत्तर दिले असते, तर आम्ही त्यास बाकावर उभे केले असते.

वस्तुस्थिति निराळी होती. आपली बहुतेक मुले तेथे एच-१बी नावाच्या व्हिसावर नोकरी करतात. हा व्हिसा प्रथम तीन वर्षांचा व सामान्यतः एकूण सहा वर्षांचा असतो. त्यांच्या पत्नीस अगर पतीस एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते. परंतु अर्थार्जन करता येत नाही. २६ मे २०१५ पासून या नियमास एक अपवाद झाला. पतीच्या कायम वास्तव्यासाठी त्याच्या मालकाने केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल, किंवा २००० सालच्या कायद्याखाली पतीस सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तर पत्नीने आय-७६५ हा अर्ज भरून कामाचा परवाना मागावा, अशी सोय झाली. म्हणजे पत्नीच्या कामाची किल्ली पतीच्या मालकाच्या खिशात! आमच्या या जावयांच्या मालकाने तो अर्ज तोवर केलाच नव्हता.

मुलगी गेली. पहिले वर्ष नव्याच्या नवलाईत सरले. दुसऱ्या वर्षी तिचे पत्र आले. त्यातील आशय असा : "गुरुजी, हे स्वभावाने फार चांगले आहेत. कशास नाही म्हणत नाहीत. परंतु आईच्या वाढदिवसाला साडी पाठवायची, तरी मला यांच्याकडे पैसे मागावे लागतात. सात वर्षे मी स्वतःच्या पगारातून घरी पैसे देत होते. आता कोणी 'आपण काय करता' असे विचारले, की माझी मान खाली जाते." ते पत्र आम्ही तिच्या वडिलांस दाखविले नाही. दाखविण्याचे धैर्य झाले नाही, असे म्हणणे अधिक खरे.

पावणेचार वर्षांनी, २०२० साली, तिच्या हाती परवाना आला. पुढे नूतनीकरणास विलंब झाला, आणि लागलेली नोकरी चार महिने सोडून घरी बसावे लागले. आज ती पुन्हा कामावर आहे. तथापि गेलेली वर्षे कोण भरून देणार? आणि हा परवाना म्हणजे काही ताम्रपट नव्हे. त्यास आव्हान देणारा दावा २०१५ सालीच दाखल झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने परवान्याच्या बाजूने निर्णय दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला. परंतु त्याच महिन्याच्या ३० तारखेपासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वी मिळणारी आपोआप मुदतवाढ बंद झाली. म्हणून मुदत संपण्यापूर्वी जितक्या लवकर अर्ज करता येईल तितक्या लवकर करणे, हेच शहाणपण.

कोणी विचारील, सहा वर्षांत कायमचे वास्तव्य मिळत नाही काय? भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत ते कठीण आहे. कोणत्याही एका देशाच्या लोकांस वर्षाच्या संख्येपैकी सात टक्क्यांहून अधिक वाटा सहसा द्यावयाचा नाही, असा तेथील कायदा आहे. अर्जदार आपले फार; म्हणून रांग लांबते, आणि रांगेतील पतीबरोबर पत्नीही ताटकळत राहते.

सर्वत्र हीच स्थिति आहे, असे मात्र समजू नये. अमेरिकेतच, कंपनीने बदलीवर एल-१ व्हिसाने पाठविलेल्या माणसाच्या जोडीदारास नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्याची गरज उरलेली नाही. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदारास काम करण्याची मुभा आहे. आमचा एक भाचा परिचारिका असलेल्या आपल्या पत्नीमागोमाग तेथे गेला व दुसऱ्याच महिन्यात कामास लागला. पत्नीमागून जाण्यात काही कमीपणा आहे, असे ज्यांस वाटते, त्यांनी स्मरावे की १८८३ साली आनंदीबाई जोशी एकट्याच अमेरिकेस गेल्या आणि गोपाळराव मागाहून गेले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कामाची मुभा निराळी आणि व्यवसायाची मान्यता निराळी. एका दारास ही दोन कुलुपे आहेत. जर्मनीत कुटुंबासाठी गेलेल्या जोडीदारास काम करता येते. परंतु डॉक्टर वा परिचारिका असल्यास तेथील मान्यता घ्यावी लागते, आणि भाषाही यावी लागते. आपली दंतवैद्य झालेली मुलगी अमेरिकेत गेली, तर परवाना हाती असूनही बहुतेक राज्यांत तिला तेथील महाविद्यालयात पुन्हा शिकावे लागते. एक कुलूप उघडले म्हणून दार उघडले, असे नाही.

आता आमच्या सूचना. मंडळाच्या नोंदपत्रात पत्रिका, उंची, वर्ण यांस रकाने आहेत. त्यांच्या शेजारी, परदेशस्थ वधूवरांसाठी चार नवे रकाने असावेत. पहिला, व्हिसा कोणता व किती वर्षे उलटली. दुसरा, जोडीदारास काम करण्याची मुभा आज आहे, की पुढे कोणत्या अटीवर मिळेल. अमेरिकेतील असल्यास आय-१४० मंजूर आहे काय. तिसरा, जोडीदाराच्या व्यवसायास तेथे वेगळी मान्यता लागते काय. चौथा, मुभा मिळेपर्यंत घरखर्च व हातखर्च यांची व्यवस्था दोघांनी बोलून ठरविली आहे काय. हा चौथा रकाना आम्ही त्या पत्रावरून शिकलो.

पालकांस विनंति एवढीच की, मुलीने घाईने राजीनामा देऊ नये. बिनपगारी रजा मिळत असेल तर ती घ्यावी. पदवीपत्रे, गुणपत्रिका व अनुभवाचे दाखले येथून निघण्यापूर्वीच प्रमाणित करून घ्यावेत. आणि सासरच्या मंडळींनी "घरी बसून असते" हा शब्द तोंडातून काढू नये. ती बसलेली नसते. तिला बसविलेले असते.

परदेशी स्थळ करू नये, असे आमचे म्हणणे नाही. या मुलीचा संसार आज सुखाचा आहे. गेल्या दिवाळीत ती सहकुटुंब आली होती. तिच्या वडिलांसमक्ष आम्ही आमची चूक कबूल केली. ते काही बोलले नाहीत. चहाचा पेला मात्र त्यांनी पुढे केला. मुलगी हसून म्हणाली, "गुरुजी, मला शिक्षा सांगायची असेल, तर पुढच्या मुलीला खरे सांगा." ती शिक्षा भोगण्याकरिताच आम्ही आज आपला वेळ घेतला. नोंदपत्राचा नवा नमुना आम्ही लिहून आणला आहे. संमेलनाने त्यास संमति द्यावी, ही नम्र प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.