न्यायालयात हसणाऱ्या स्त्रिया
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



स्त्री-चळवळीवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो : या स्त्रियांना विनोदबुद्धी नाही. आक्षेपाचा खरा अर्थ एवढाच, की स्त्रियांवर केलेल्या विनोदांना त्या आता हसत नाहीत. स्त्रिया स्वतः कशाला हसतात, हे काही चित्रपट-दिग्दर्शिकांनी दाखविले आहे, आणि ते प्रस्थापितांना त्यांच्या रागापेक्षाही अधिक झोंबले आहे.

हॉलंडच्या मार्लीन गोरिस यांचा ‘अ क्वेश्चन ऑफ सायलेन्स’ हा चित्रपट १९८२चा. पटकथा त्यांनी प्रथम बेल्जियमच्या दिग्दर्शिका शांताल आकरमान यांना देऊ केली. ती तुम्हीच दिग्दर्शित करा, असा सल्ला त्यांना मिळाला. गोरिस यांचा हा पहिलाच चित्रपट. एक गृहिणी, एक उपाहारगृहातील कामगार स्त्री आणि एक सेक्रेटरी, अशा परस्परांना अनोळखी असलेल्या तिघी एका कपड्यांच्या दुकानात असतात. चोरी करताना गृहिणीला मालक पकडतो आणि तिघी मिळून त्याला ठार मारतात. दुकानातील आणखी चार स्त्रिया ते मुकाट्याने पाहतात. आरोपी वेड्या आहेत काय, हे ठरविण्यासाठी न्यायालय एका मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीची नेमणूक करते. त्या वेड्या ठरल्या तर सर्वांचीच सोय होणार असते, कारण मग कोणालाच कारण शोधावे लागत नाही. परंतु तिघींशी बोलल्यावर ती निर्वाळा देते, की या पूर्णपणे शहाण्या आहेत.

सरकारी वकील म्हणतो, तीन पुरुषांनी एखाद्या दुकानदार स्त्रीला मारले असते, तरी या खटल्यात काही फरक पडला नसता. हे ऐकून उपाहारगृहातील ती स्त्री हसू लागते. गिऱ्हाइकांच्या थट्टेला हसून साजरे करण्यात तिचे आयुष्य गेलेले असते. येथे ती प्रथमच स्वतःसाठी हसते. मग उरलेल्या दोघी, प्रेक्षकांत बसलेल्या त्या चौघी आणि अखेर ती मानसोपचारतज्ज्ञही हसते. न्यायमूर्ती आरोपींना बाहेर काढतात आणि खटला त्यांच्या अनुपस्थितीत पुढे चालू राहतो.

हे हसणे मृताला उद्देशून नाही, आणि त्याने खुनाचे समर्थनही होत नाही. ‘फरक पडत नाही’ या वाक्याला त्या हसतात. मालक आणि मजूर करारावर समान हक्काने सही करतात, हे अर्थशास्त्र ऐकून मजुराला जे हसू येईल, त्याच जातीचे हे हसू आहे.

समाजवाद्यांनी मात्र लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नये. झेकोस्लोव्हाकियाच्या व्हेरा हितिलोव्हा यांचा ‘डेझीज’ १९६६ साली आला. त्यातील दोन मुली वयस्क पुरुषांच्या पैशाने जेवतात, त्यांना फसवून पळतात आणि शेवटी एका मेजवानीची नासधूस करतात. १९६७ साली संसदेत एका प्रतिनिधीने अन्नाच्या नासाडीबद्दल तक्रार केली. चित्रपटाच्या आरंभी व अखेरी युद्धाच्या विध्वंसाची दृश्ये आहेत. त्यांच्याबद्दल नव्हे, तर तुडविलेल्या अन्नाबद्दल संताप व्यक्त झाला! चित्रपट बंद पाडला गेला. पुढे, १९६८च्या रशियन आक्रमणानंतर, हितिलोव्हा यांना कित्येक वर्षे कथापट करता आला नाही. श्रमिकांच्या नावाने चालणारी राजवटही दोन मुलींच्या हसण्याला भ्यायली.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हे बळ अपरिचित नाही. लाटणे उगारलेली बायको हा येथे पुरुषांच्या विनोदाचा ठरलेला विषय. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह हजारो स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा तो विनोद त्यांनी हिसकावून घेतला.

म्हणून समतेवरील गंभीर भाषण चालू असताना मागच्या रांगेत बसलेल्या स्त्रिया हसल्या, तर अध्यक्षांनी घंटी वाजवू नये. त्या कोणत्या वाक्याला हसल्या, हे विचारावे. गोरिस यांच्या चित्रपटाच्या अखेरीस त्या मानसोपचारतज्ज्ञाचा वकील पती गाडीशी उभा राहून तिला घाईने बोलावीत असतो. तोही सुशिक्षित आणि सभ्य गृहस्थ आहे. ती त्याच्याकडे जात नाही. मागे उभ्या असलेल्या त्या स्त्रियांकडे वळून पाहते.