ताटातील संस्कार



‘मूल काही खातच नाही’ ही आज घरोघरची तक्रार आहे. दुधी नको, दोडका नको, मुगाची उसळ तर मुळीच नको. तक्रार करणाऱ्या पित्याच्या ताटाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तेथेही कारल्याची भाजी कडेला सरकवलेली असते आणि समोर बसलेले चार वर्षांचे बालक ते निरखून पाहत असते.

अपरिचित अन्नाची भीती दोन ते सहा या वयात स्वाभाविकच असते. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. लंडनच्या संशोधकांनी 8 ते 11 वर्षांच्या 5,390 जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध केला. मुलामुलांमधील या भीतीच्या फरकापैकी सुमारे 78 टक्के भाग आनुवंशिक असल्याचे त्यात आढळले. म्हणून मातेला दोष देणे अन्यायाचे आहे. परंतु स्वभाव जन्मजात असला तरी सवय घडवता येते. एखादी भाजी दहा-पंधरा वेळा शांतपणे समोर आली की अनेक मुले ती स्वीकारू लागतात.

सक्तीने मात्र उलटेच घडते. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांना सूप संपवण्याचा आग्रह केला गेला. आग्रह नसताना ती मुले अधिक सूप प्यायली आणि त्याविषयी कुरकुरही कमी केली.

येथे श्रावकाच्या घरात एक पेच उभा राहतो. ताटात अन्न टाकायचे नाही, हा संस्कार मोलाचा आहे. पण तो पाळण्यासाठी मुलाच्या तोंडात घास कोंबणे हीही हिंसाच नव्हे काय? यावर उपाय वाढण्यातच आहे. नवी भाजी चमचाभरच वाढावी. मग टाकणेही नाही आणि सक्तीही नाही. काय आणि केव्हा वाढायचे हे पालकांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाच्या भुकेवर सोडावे.

दुसरी चूक मायेपोटी घडते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण मुलाने नाकारले की काळजीने बिस्किटांचा पुडा पुढे केला जातो. ‘नाही’ म्हटले की गोड मिळते, हा धडा मूल एका सायंकाळीच शिकते. मुलाचे वजन घटत असेल, घास गिळताना त्रास होत असेल, तर मात्र वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब करू नये.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, हे घरातील बालकाला व्याख्यान देऊन कोणी शिकवत नाही. आजी पाळते, आई पाळते, म्हणून तेही पाळते. तेच डोळे रोजच्या ताटाकडेही पाहत असतात. पित्याने आज कारल्याचा एक घास, एक शब्दही न बोलता, आनंदाने घ्यावा. उद्याचा उपदेश त्यातच सामावलेला आहे.

जय जिनेंद्र!