जठराचा कर्करोग आणि प्रथिनांची साक्ष
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकताच काही मंडळींच्या मुद्रा गंभीर झालेल्या आम्हांस येथून दिसत आहेत. गुणगौरव आणि वधूवर-परिचय यांच्यामध्ये या विषयाला जागा देणे कार्यकारी मंडळास अवघडच वाटले असेल. तरी त्यांनी ती दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

रोग्याच्या घरी पहिला प्रश्न एकच असतो : ‘किती दिवस?’ गाठ कोठवर पसरली आहे, यावरून डॉक्टर त्याचे उत्तर देत आले, आणि तो आधार आजही पहिलाच आहे. परंतु पसरण्याची पायरी एकच असताना एक रोगी वर्षानुवर्षे जगतो व दुसरा लवकर जातो, हे कोडे तेवढ्याने सुटत नसे. त्याचा काही उलगडा आता पेशींतील प्रथिनांवरून होऊ लागला आहे.

दुर्बिणीने जठरातून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप घेतात. विवक्षित प्रथिनालाच चिकटणारे द्रव्य त्यांवर सोडले, की ते प्रथिन असेल तेथे रंग उमटतो. ‘हर-टू’ हे असे एक प्रथिन होय. पेशीच्या पृष्ठभागी राहून ते वाढीचा हुकूम आत पोहोचविते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टोगा’ या अनेक देशांतील चाचणीत, तपासलेल्या गाठींपैकी सुमारे २२ टक्के गाठींत ते प्रमाणाबाहेर आढळले. रोग पुढे गेलेल्या अशा रोग्यांना केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब हे औषध दिले, तेव्हा आयुष्याचा मध्यक ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला. हे पावणेतीन महिने थोडे की फार, हे ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरलेले असते त्यालाच विचारावे! शिवाय मध्यक म्हणजे पत्रिकेतील भाकीत नव्हे. निम्मे रोगी त्याहून अधिक जगले, हे विसरू नये.

जठराच्या गाठीत हे प्रथिन सर्वत्र सारखे नसते. म्हणून एकाच तुकड्यावर भिस्त न ठेवता सहा ते आठ तुकडे घेण्याची शिफारस असते. ‘पुन्हा पुन्हा कशाला टोचता?’ असे म्हणून नातलगांनी अडवू नये.

दुसरे प्रथिन ई-कॅड्हेरिन. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणे हे त्याचे काम. ते नाहीसे झाले, की पेशी सुटतात आणि गाठ न दिसताच जठराच्या भिंतीत पसरतात. न्यूझीलंडमधील एका मावरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे या रोगाने दगावत. त्या कुटुंबाने मृत्यू लपविले नाहीत. आपली वंशावळ ओटागो विद्यापीठातील संशोधकांपुढे मांडली. १९९८ साली या प्रथिनाच्या जनुकातील दोष उघड झाला. त्या दोषाच्या वारसांना आता रोगापूर्वीच कळू शकते, व जठर काढून टाकण्याचा कठोर परंतु खरा उपाय त्यांच्यापुढे असतो.

कुलवृत्तान्त छापण्याची हौस आपणांसही आहे. त्यांत इनामे, वतने, पदव्या सापडतात. मृत्यूच्या रकान्यात मात्र ‘पोटाच्या विकाराने’ एवढेच! मुलींची लग्ने अडतील, ही भीती आम्ही जाणतो. छापू नका; पण कोण, कितव्या वर्षी, कशाने गेले, हे घरच्या वहीत स्पष्ट लिहा. तुकड्याचा मेणातील ठोकळा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, कोठे ठेवला आहे हेही त्याच पानावर नोंदवा. नवी तपासणी निघाली, तर पुष्कळदा त्याच ठोकळ्यावर ती करता येते.