दगडफुलाचा संसार



गोडा मसाला ज्या घरांत होतो, त्या घराला दगडफूल अपरिचित नाहीं. वाळल्या पापुद्र्यासारखें दिसणारें हें द्रव्य दगडही नव्हे आणि फूलही नव्हे. बाजारांत येतें तें बहुतेक झाडांच्या सालींवरून काढलेलें असतें. शास्त्रांत या वर्गास शैवाक म्हणतात. प्रत्येक शैवाक म्हणजे दोन निराळ्या जीवांनीं थाटलेला संसार होय.

त्यांतील एक बुरशी व दुसरें बहुधा शेवाळ. बुरशीच्या अंगीं हरितद्रव्य नसल्यामुळें तिला स्वतःचें अन्न करतां येत नाहीं. शेवाळ सूर्यप्रकाशांत शर्करा तयार करतें. तिचा मोठा वाटा बुरशी घेते आणि मोबदल्यांत आपल्या तंतूंच्या जाळ्यांत त्याला ओलावा व आडोसा देते. म्हणूनच उघड्या खडकावरही ही जोडी तग धरते.

१८६७ सालीं श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें हें द्वैत मांडलें, तेव्हां शैवाकांच्या अनेक नामांकित अभ्यासकांनीं तें धुडकावून लावलें. श्वेंडेनरच्या मतें बुरशी ही धनीण आणि शेवाळ तिचें गुलाम. पुढें १८७९ सालीं द बारी या जर्मन शास्त्रज्ञानें भिन्न जातींच्या जीवांच्या एकत्र राहण्यास, मग तें उभयतांस हितकर असो वा नसो, एकच व्यापक संज्ञा वापरली. आपण त्यास सहजीवन म्हणतों.

मग हें दास्य कीं मैत्री? शैवाकांतील कित्येक शेवाळें बाहेर स्वतंत्रपणें राहूं शकतात. बुरशी मात्र सृष्टींत एकटी क्वचितच आढळते. तेव्हां धनी कोण आणि आश्रित कोण, हें ठरविणें सोपें नाहीं. त्यांतच २०१६ सालीं अनेक शैवाकांच्या बाह्य थरांत यीस्टच्या रूपांतील आणखी एक बुरशी सांपडली. जीवाणूंची वस्ती तर तेथें असतेच.

असा संसार फार सावकाश वाढतो. कित्येक जाती वर्षाकाठीं कांहीं मिलिमीटरच पसरतात. शिवाय एका भागीदारास बाधा झाली कीं सारा संसारच धोक्यांत येतो. कोळशाच्या धुरांतील गंधकयुक्त वायूनें एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील शहरांतून शैवाकांच्या कित्येक जाती नाहींशा झाल्या. आपल्याकडे धुराच्या जोडीला खरवडणारा हातही आहे. सालीवर जें जमावयास वर्षें लागतात, तें काढावयास क्षण पुरतो. मसाल्याला दगडफूल थोडेंच लागतें; अरण्यालाही आपलें तितकेंच घेणें परवडेल.