आधी नकाशा, मग कुदळ



वसईतल्या पापडीसारख्या जुन्या वस्तीत
रस्त्याखाली बरंच काही असतं.
कुठे पाण्याची पाइपलाइन,
कुठे विजेची केबल.

जेसीबीचा एक घाव बसतो,
आणि अख्ख्या आळीचे नळ कोरडे पडतात.
म्हणून आधी नकाशा, मग कुदळ.

डिजिटल नकाशा मोबाइलवर पाइपची जागा दाखवतो.
कृत्रिम बुद्धिमत्ता जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदी तपासते,
आणि गळती कुठे होऊ शकेल, ते सुचवते.

पण तो अंदाजच.
व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे,
हे जुन्या व्हॉल्व्हमनलाच पक्कं ठाऊक असतं.
त्याची माहिती नकाशात उतरलीच पाहिजे.

केंद्र सरकारने 2023 मध्ये
‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणलं.
खोदण्याआधी त्यावर कळवायचं.

तुमच्या आळीत खोदकाम निघालं,
तर कंत्राटदाराला जरूर विचारा,
नकाशा पाहिलात का?